आधी शेण बघू

"शेठ, दूध वाढायची पावडर द्या."

कर्जतच्या बाजारात माझं पेंडीचं दुकान आहे आणि हे वाक्य मला रोज ऐकू येतं. पावडर फळीवर आहे, नाही असं नाही. पण ती काढण्याआधी मी उलटतपासणी घेतो. म्हैस व्याली कधी? खाते काय? माती, दावं, चिंध्या चघळते का? आणि शेण कसं पडतं? शेवटच्या प्रश्नाला नवं गिऱ्हाईक हसतं. कडावकडच्या एक वहिनी मात्र आता मोबाइलवर शेणाचा फोटोच काढून आणतात.

पो कडक, वळ्यावळ्यांचा पडला असेल तर म्हैस नुसत्या पेंढ्यावर आहे आणि पाणीही कमी पितेय. पातळ, फेसाळ असेल आणि त्यात मक्याचे दाणे सगळेच्या सगळे दिसत असतील तर खुराक भारी आणि वैरण हलकी. निम्मं निदान इथंच होतं. पावडरीचा विषय मग बऱ्याचदा निघतच नाही.

आमच्याकडे म्हशीच्या पोटात जातं त्यातलं बरंचसं भाताच्या खाचरातून येतं. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही वाणं कोकणभर पोचली. दाणा सुधारला, पेंढा मात्र होता तसाच राहिला. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. वर सिलिका भरपूर, आणि ऑक्झलेट नावाचं एक द्रव्य, जे कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. म्हशीच्या पहिल्या मोठ्या पोटात, ज्याला डॉक्टर कोटीपोट म्हणतात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. पेंढा खरं म्हणजे तेच पचवतात. एकूण खाण्यात सात-आठ टक्के प्रथिनं नसतील तर त्यांचंच काम मंदावतं. मग पेंढा पोटात पडून राहतो, म्हैस भरल्या पोटाने उपाशी. अशा म्हशीला महागडं टॉनिक पाजून काय होणार?

यावर उपाय जुनाच आहे. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर, प्रत्येक थरावर झारीने शिंपण, पायाने तुडवायचं आणि प्लॅस्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस विसरून जायचं. उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो तासभर वाऱ्यावर जाऊ द्यायचा. पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ होतो, प्रथिनं जवळजवळ दुपटीवर जातात. सहा महिन्यांखालच्या रेडकांना हा पेंढा नको. आणि कुणी हाताच्या अंदाजाने युरिया पेंडीत किंवा पाण्याच्या टपात टाकत असेल तर त्याला तिथंच थांबवा, म्हैस काही तासांत जाते.

भातातच दुसरी एक चीज आहे, कोंडा. फॉस्फरस त्यात चांगला असतो, आणि पेंढ्यात नेमका तोच कमी. फॉस्फरस तुटला की म्हैस हाडं, चिंध्या, माती चघळायला लागते, माजावर येत नाही, आणि व्याल्यावर काही आठवड्यांत एखादीला कॉफीसारखी लाल लघवीही होते. तेव्हा दुकानात यायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं. पण कोंड्यातही डावं-उजवं आहे. गावातल्या जुन्या हलरवर कोंड्यात तूस मिसळून येतं, म्हणजे वजन भरतं आणि पोषण अर्धं. चांगल्या कोंड्यात तेल असतं, त्यामुळे आमच्या पावसाळी हवेत तो लवकर खवट होतो. मूठभर घ्या, नाकाशी धरा. वास आला तर म्हशीने तोंड फिरवण्याआधी तुम्हीच फिरवा.

आता कॅल्शियम. माझ्या दुकानात सर्वात जास्त खपतो तो पातळ कॅल्शियमचा कॅन. लिटरभर म्हशीच्या दुधातून पावणेदोन ते दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडतं. म्हणजे आठ लिटरच्या म्हशीचं रोजचं पंधरा ग्रॅमच्या आसपास गेलं, आणि खाल्लेल्यापैकी सगळं अंगी लागत नाही ते वेगळंच. तेव्हा व्याल्यावर ते द्यायलाच हवं. पण लोक कॅन नेतात ते म्हैस व्यायच्या आधी, 'ताकद यावी म्हणून'. गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा केला तर हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय सुटते. व्याल्याबरोबर दुधाची मागणी एकदम येते, हाडं लगेच हात देत नाहीत आणि म्हैस मान पोटाकडे वळवून बसते. हाच दुधी ज्वर. 'अजून पंधरा दिवस थांबा' असं मी सांगतो तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं, शेठकडे माल संपलाय.

खनिज मिश्रण घेणार असाल तर पिशवीवरचं म्हशीचं चित्र सोडा आणि मागचा तक्ता वाचा. कॅल्शियम वीस टक्क्यांच्या आणि फॉस्फरस बारा टक्क्यांच्या आसपास हवा. त्यात तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन यांची नावं आकड्यांसकट हवीत. नुसतं 'शक्तिवर्धक' लिहिलं असेल तर पिशवी परत ठेवा. दुभत्या म्हशीला रोज साधारण पन्नास ग्रॅम पुरतं, सोबत तीस ग्रॅम खडे मीठ. खुराकाचा हिशोब जुन्या लोकांना पाठ आहे: शरीर पोसायला एक ते दीड किलो आणि वर दर दोन लिटर दुधाला एक किलो. सरकी पेंड, मका भरडा, चुनी, कोंडा, जे परवडेल ते. गोळी पेंड घेतलीत तर प्रथिनांचा आकडा बघा, भारतीय मानकात पहिल्या प्रकाराला किमान बावीस टक्के आणि दुसऱ्याला वीस टक्के लागतात.

मला जास्त वाईट वाटतं ते वालाचं. भात कापून झाला की ओलीवर कडवा वाल टाकायचा, ही कर्जत-खालापूरची रीत. पोपटीला शेंगा, बिरड्याला दाणे आणि म्हशीला भुसकट. द्विदल पिकाचं भुसकट म्हणजे पेंढ्यापेक्षा जास्त प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम, पेंढ्यात जे नाही नेमकं ते. आता भात निघाला की गुरं मोकाट सुटतात, वाल राखायला माणूस नाही, निम्म्या जमिनी फार्महाऊसच्या कुंपणात गेल्या. भुसकटाचं काम मग कॅनकडून करून घ्यावं लागतं.

हिरव्या चाऱ्याला पाणी नाही म्हणतात, पण ती अडचण सगळ्यांनाच आहे असंही नाही. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र १९२२ पासून चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी पेज नदीला मिळतं आणि राजनाला कालव्यातून शेतात जातं. त्यावर लोक उन्हाळी भात काढतात. त्यातलेच दोन-चार गुंठे संकरित नेपिअरला दिले तर एक-दोन म्हशींच्या हिरव्याला मोठा हातभार लागतो. बायफचं 'बीएनएच-१०' किंवा राहुरीचं 'फुले जयवंत' चांगलं येतं. नेपिअरमध्येही ऑक्झलेट असतं, म्हणून बांधावर शेवरी नाहीतर चवळी हवी आणि दोन्ही एकत्र कुट्टी करून घालावं.

गेल्या काही वर्षांत एक नवं खाद्य आलंय, रिसॉर्टातल्या लग्नांचा उरलेला भात. पातेली भरून फुकट मिळतो आणि म्हैस आवडीने खाते. पण शिजलेला भात कोटीपोटात झपाट्याने आंबतो, आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि सकाळी म्हैस दात खात बसलेली असते. थोडा द्या, पेंढा खाऊन झाल्यावर द्या. आणि खायचा सोडा घरात ठेवा, पण डॉक्टरला विचारूनच पाजा.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की माळावर कोवळं गवत येतं आणि लोक पेंढा एका दिवसात बंद करतात. त्या कोवळ्या गवतात पाणीच जास्त. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाण्याची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर निम्मा पेंढा चालू ठेवा. या दिवसांत माझ्याकडे जुलाबाची औषधं मागायला जास्त लोक येतात, आणि त्यांनाही मी आधी शेणाचंच विचारतो.