न मागितलेला मुकुट

इ. स. १६८८मध्ये डच सत्ताधीश विल्यम ऑफ ऑरेंज आपला सासरा, इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स, याच्यावर सैन्य घेऊन निघाला. त्याआधी त्याने जाहीरनामा काढून त्याच्या हजारो प्रती छापून घेतल्या. त्यातला संयम मला सर्वांत लक्षणीय वाटतो. कायदे धाब्यावर बसवल्याचा दोष तो राजाला न देता त्याच्या दुष्ट सल्लागारांना देतो. नवजात युवराजाच्या जन्माविषयी संशय पेरतो. आपल्याला इंग्रज सरदारांनीच बोलावले, असेही सांगतो. मागणी मात्र एकच: मुक्त व कायदेशीर पार्लमेंट. फ्रान्सविरुद्ध इंग्लंड आपल्या बाजूस हवे, हा डचांचा हेतू त्यात ठळकपणे येत नाही आणि मुकुटावर दावाही नाही. माझ्या मते, राजनिष्ठ इंग्रजांनाही विल्यमला मिळण्याची वाट या मांडणीनेच मोकळी करून दिली. ५ नोव्हेंबरला तो टॉरबे येथे उतरला; डिसेंबरात जेम्स फ्रान्सला पळाला. फेब्रुवारी १६८९मध्ये लंडनला जमलेल्या प्रतिनिधींच्या सभेनेच तो न मागितलेला मुकुट विल्यम आणि मेरी यांना देऊ केला.