अदपावाचा प्रवास

गेल्या लक्ष्मीपूजनाला आईने पाटावर वही मांडली, लेखणी मांडली, तराजू मांडला आणि माझ्याकडे वळून विचारले, “ते अदपाव कोठे शे रे भाऊ?”

एरवी आई माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते. मुलगा कॉलेजात मराठी शिकवतो, त्याचा मान म्हणून. अहिराणी बाहेर पडली, की मी ओळखतो, प्रकरण गंभीर आहे.

अदपाव आजोबांचे. जळगावच्या दाणा बाजारात त्यांचे लहानसे दुकान होते. १९५८ साली किलोग्रॅम येऊ लागला आणि पुढच्या काही वर्षांत शेर, पाव, अदपाव, नवटाक ही सारी मंडळी फळीवरून माळ्यावर गेली. मागाहून दुकानही गेले. उरले हे एवढेच पितळी वजन, आजच्या हिशेबाने सुमारे ११७ ग्रॅमचे. दर दिवाळीला चिंचेने घासायचे आणि वहीशेजारी ठेवायचे. आणि ते मी, चांगला एम.ए. झालेला गृहस्थ, एका खेळापायी जर्मनीला धाडून बसलो होतो!

खेळाचे नाव जिओकॅशिंग. अमेरिकेच्या उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेत तेथील सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. मे २००० च्या आरंभी ती चूक काढून टाकली, आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातल्या रानात एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा म्हणाला. लोकांनी शोधली. आता जगभर अशा पेट्या लपवलेल्या आहेत. पेटी शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि ती होती तिथे ठेवून परतायचे. एवढ्यासाठी लोक डोंगर चढतात. मला प्रथम हसू आले. पण एका पाठभेदापायी आम्ही धुळ्याच्या फेऱ्या मारतो, त्याला कोण हसत नाही?

याच खेळात काही प्रवासी वस्तू असतात. धातूची एक छोटी पट्टी, तिच्यावर जगात दुसऱ्या कुठल्याही वस्तूला नसलेला क्रमांक. ती पट्टी हव्या त्या वस्तूला बांधायची आणि पेटीत सोडायची. जो उचलेल, त्याने पुढच्या पेटीत नेऊन ठेवायची आणि क्रमांक घालून नोंद करायची. मालकाला घरबसल्या तिचा माग दिसतो. उल्मरच्या बादलीतला घेवड्याचा डबासुद्धा पुढे असा प्रवासी झाला. २००८ साली रिचर्ड गॅरियटने अशी एक पट्टी अंतराळ स्थानकात नेली. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवरही असा एक क्रमांक आहे.

माझ्या डोक्यात हे खूळ पुतण्याने घातले. तो जर्मनीत नोकरीला असतो. त्या साली दिवाळीला आला आणि म्हणाला, “काका, आपल्या खान्देशात एक कोडे करू. पेटी इथे लपवायची. पण तिची जागा एका प्रवासी वस्तूवर लिहायची, आणि ती वस्तू म्युनिकहून निघून माणसांच्या हातून इथवर यायची.”

मला पाटणदेवी आठवली. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापिला, असे तो सांगतो. नातवाने आजोबांसाठी मठ उभारला. मी निदान आजोबांचे वजन तरी जगाच्या प्रवासाला पाठवावे, असा काहीसा भाबडा विचार मनात आला. पट्टी अदपावालाच बांधली. आईला सांगितले, “जाईल आणि येईल.”

देऊळ संरक्षित आणि भोवती अभयारण्य, तेव्हा पेटी तिथे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. एका शेतकरी मित्राने त्या वाटेवरच्या आपल्या शेतात बांधावर जागा दिली. (जागामालकाची परवानगी हा या खेळाचा पहिला नियम. बेवारस डबा पाहून आपल्याकडे काय होईल, ते सांगायला नकोच.) अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे तेवढे लपवायचे ठरले. यातला एक आकडा पुढे-मागे झाला, की जमिनीवर सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो. म्हणजे तिन्ही आकडे ठाऊक नसतील, तर जवळजवळ १,८५० मीटर लांबीची रेघ चाळत बसा! ते तीन आकडे एका चकतीवर कोरून चकती वजनाला बांधली.

वजन म्युनिकजवळच्या रानातून निघाले, एकदा ऑस्ट्रियातून त्याची नोंद आली, आणि मग काही नाही. महिना गेला, वर्ष गेले. कुणाच्या खिशात राहिले, का पेटीच पुरात वाहून गेली, देव जाणे. पेटी शेतात, उत्तर आल्प्सच्या पायथ्याशी, आणि पाटावरची जागा रिकामी.

यात चूक कुणाची, हे मला धुळ्याला कळले. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. शिवाय शंकरराव देवांनी जमवलेल्या रामदासी पोथ्यांचे समर्थ वाग्देवता मंदिर. एम.ए.च्या वर्गाला घेऊन मी नेहमीप्रमाणे गेलो आणि नेहमीप्रमाणे सांगू लागलो, की पोथी टिकते ती जपल्यामुळे नव्हे, नकला झाल्यामुळे. एका प्रतीला वाळवी लागली, तर तिचे पान दुसरीवरून भरून काढता येते. बोलता बोलता जीभ अडखळली. वीस वर्षे हे शिकवणारा मी, आणि माझ्या कोड्याची एकच प्रत काढून ती परदेशी सोडली होती!

मग दुसरा आराखडा केला. तोच आकडा तीन चकत्यांवर लिहिला असता, तर एक मिळताच कोडे संपले असते. प्रत्येकीवर एकेक आकडा लिहिला असता, तर एक हरवताच कोडे मेले असते. हवे होते असे, की तिघींपैकी कुठल्याही दोघी भेटल्या तरी पुरे. वाट दाखवली भास्कराचार्यांनीच. ‘लीलावती’त कुट्टक आहे, बाक्यांवरून मूळ संख्या शोधण्याची रीत.

उदाहरण देतो. (खरा आकडा छापणार नाही, मित्राच्या कपाशीत सारा जिल्हा शिरेल.) समजा आकडा ४१८. पहिल्या चकतीवर लिहायचे: ३२ ने भागल्यास बाकी २. दुसरीवर: ३३ ने भागल्यास बाकी २२. तिसरीवर: ३५ ने भागल्यास बाकी ३३. पहिली नि दुसरी सापडली, तर २२, ५५, ८८ असे तेहेतिसांनी पुढे जात प्रत्येकाला ३२ ने भागून पाहायचे. बाकी एकेकाने वाढत जाते आणि तेराव्या संख्येला, म्हणजे ४१८ ला, ती २ येते. हजाराच्या आत दुसरी संख्या या दोन्ही अटींत बसत नाही. इतर जोड्यांचेही तसेच. एकटी चकती मात्र तिसाच्या आसपास जागा दाखवते. तेवढे बांध उकरणारा भेटला, तर त्याने खुशाल जिंकावे.

चकत्या सुताराकडून शिसवीच्या करून घेतल्या. हरवल्या तर रडू येणार नाही, अशा. या उन्हाळ्यात मुंबई, पुणे आणि नाशिक येथील पेट्यांतून सोडल्या. पुण्याची चकती दोन महिन्यांत बेपत्ता झाली. पण श्रावणात नाशिककडचे एक जोडपे उरलेल्या दोघींवरचे आकडे टिपून चाळीसगावला आले, भर पावसात बांधावरचा डबा काढला आणि वहीत सही करून गेले. मित्राने त्यांना भाकरी आणि शेवभाजी खाऊ घातली, आणि मला फोनवर विचारले, “सर, याच्यात त्यांना मिळालं काय?” मला उत्तर देता आले नाही.

अदपावाची नोंद अजून नाही. मी रोज सकाळी पाहतो. आईला वाटते, मी वर्तमानपत्र वाचतो.

दसऱ्याच्या आवराआवरीत तिला माझ्या टेबलाच्या खणात धातूची एक पट्टी मिळाली. या पट्ट्या जोडीने येतात. एक वस्तूला बांधायची, तोच क्रमांक असलेली दुसरी मालकाने ठेवायची. मी तिला तसे सांगितले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी पाहतो तो मोरीत बसून ती पट्टी चिंचेने घासत होती.

“अगं, ते पितळ नाही,” मी म्हणालो.

“माहीत शे माले,” ती म्हणाली, आणि घासतच राहिली.