माफ केले म्हणजे रक्तदाब उतरतो का?

मागच्या पौर्णिमेला विहारात आरोग्य तपासणी शिबिर होते. रांगेत एक मावशी होत्या, वय पासष्टच्या आसपास. रक्तदाब १७०/१०० भरला. तरुण डॉक्टरांनी आपुलकीने चौकशी केली. झोप लागत नाही, छातीत धडधडते, हे सगळे ऐकून घेतले. बोलता बोलता मावशींनी तीस वर्षांपूर्वी गावात त्यांचे घर पेटवले गेले होते ते सांगितले. केस झाली, साक्षीदार फितूर झाले, सगळे सुटले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता सोडून द्या. मनातून माफ करून टाका त्यांना. तुमच्याच तब्येतीसाठी सांगतोय."

मावशी म्हणाल्या, "करते की. पण माफी मागायला आलंय कोण?"

रांगेतली माणसे हसली. आम्हाला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. हा सल्ला आज सगळीकडे मिळतो, दवाखान्यात, मोबाईलवर, प्रवचनात आणि कधी कधी आपल्याच विहारातही. म्हणून या वेळी या पानावर हाच विषय घेतला आहे. माफ केल्याने तब्येत सुधारते का? आणि ज्या लोकांवर पिढ्यानपिढ्या अत्याचार झाले त्यांच्याकडून तशी अपेक्षा करावी का?

आधी शरीराचे बघू. जुना अपमान आठवला की शरीर तो प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वागते. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात वाढतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, यकृत रक्तात साखर सोडते. पळायचे किंवा लढायचे असेल तर ही तयारी उपयोगाची. पण माणूस अंथरुणावर पडून आहे आणि शरीर रोज रात्री लढाईच्या तयारीत, असे वर्षानुवर्षे चालले तर रक्तदाब, मधुमेह, झोप सगळेच बिघडू शकते. इथपर्यंत डॉक्टरांचे बरोबर आहे.

माफीचा सल्ला कुठून आला तेही समजून घेऊ. २००१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. महाविद्यालयातल्या ७१ विद्यार्थ्यांना, ज्याने आपल्याला दुखावले असा माणूस आठवायला सांगितले. कधी मनात राग घोळवायला, कधी त्याला माफ केल्याची कल्पना करायला. राग घोळवताना नाडी आणि रक्तदाब जास्त वाढला, माफीच्या कल्पनेत कमी. असे पुढेही प्रयोग झाले आणि 'माफी आरोग्याला चांगली' हे वाक्य रूढ झाले. पण त्या विद्यार्थ्यांना आठवत होती ती मित्रमैत्रिणी, प्रियकर-प्रेयसी, आईवडील, भावंडे अशी माणसे. कुणी खोटे बोलले, कुणी नाकारले, कुणी टाकून बोलले. ज्यांच्याशी पुन्हा बरोबरीने राहायचे आहे अशांची ती भांडणे होती. घर जाळणाऱ्या जमावाला तोच हिशेब कसा लावणार?

एका अख्ख्या देशाने हा प्रश्न अंगावर घेतला तो दक्षिण आफ्रिकेत. वर्णभेदाची राजवट १९९४ मध्ये संपली आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. एप्रिल १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या. वीस हजारांहून जास्त पीडितांनी जबाब दिले, त्यातल्या सुमारे दोन हजारांना लोकांसमोर बोलता आले. गुन्हेगारांसाठी नियम असा होता की राजकीय हेतूने केलेल्या कृत्याची संपूर्ण कबुली दिली तर शिक्षेतून माफी. पश्चात्ताप दाखवण्याची किंवा क्षमा मागण्याची अट कायद्यात नव्हती. शिवाय माफी देणारी समिती सरकारी. ज्याचे माणूस गेले त्याचा होकार घ्यायचे बंधन नव्हते.

स्टीव्ह बिको हे नाव आपल्यातल्या अनेकांना माहीत असेल. काळ्या माणसाने आधी स्वतःला कमी लेखणे सोडावे, असे सांगणारा हा नेता वैद्यकीय शिक्षण घेत असताना चळवळीत आला. १९७७ मध्ये पोलीस कोठडीत त्याच्या डोक्याला जबर मार लागला. सरकारी डॉक्टरांनी तपासले, मेंदूला इजा झाल्याच्या खुणा दिसत होत्या, तरी त्याला नग्नावस्थेत पोलिसांच्या गाडीत मागे टाकून हजार किलोमीटरहून लांब प्रिटोरियाला नेऊ दिले. १२ सप्टेंबरला तो वारला. वय ३०. (त्या डॉक्टरांपैकी एकाची नोंदणी रद्द व्हायला १९८५ साल उजाडले. आरोग्याच्या पानावर हे लिहून ठेवायलाच हवे.)

आयोग आला तेव्हा बिकोच्या पत्नी न्त्सिकी आणि आणखी काही कुटुंबे घटनात्मक न्यायालयात गेली. मारेकऱ्यांना कोर्टात खेचण्याचा आमचा हक्क काढून घेऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जुलै १९९६ मध्ये ते हरले. वकील ग्रिफिथ्स म्झेंगे यांचे मारेकरी १९९७ मध्ये, कुटुंबाचा विरोध असताना, माफी घेऊन मोकळे झाले. बिको प्रकरणातल्या पोलिसांना आयोगाने १९९९ मध्ये माफी नाकारली खरी, पण २००३ मध्ये सरकारने पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला भरणार नसल्याचे जाहीर केले. नुकसानभरपाईचेही तसेच. पीडितांना सहा वर्षे दरवर्षी १७ ते २३ हजार रँड द्यावेत अशी शिफारस होती. प्रत्यक्षात २००३ मध्ये ठरले ते एकदाच ३० हजार.

आम्ही टुटूंना कमी लेखत नाही. तो आयोग नसता तर कितीतरी कुटुंबांना आपले माणूस कुठे पुरले तेही कळले नसते. मृतदेह सापडणे, खरे काय घडले ते सरकारी कागदावर येणे, यानेही जीव थोडा खाली बसतो. पण सत्य बाहेर येणे ही एक गोष्ट आणि ज्याचे गेले त्याने माफ करावे ही अपेक्षा दुसरी. दोन्ही एकाच सभागृहात, एकाच कॅमेऱ्यासमोर चालल्या म्हणून एक होत नाहीत.

तब्येतीवर काय परिणाम झाला, हेही तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांनी पाहिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३४ पीडित होते. काहींनी जाहीर साक्ष दिली होती, काहींनी बंद दाराआड जबाब, काहींनी काहीच नाही. नैराश्य आणि आघातानंतरचा ताण-विकार यांत तिन्ही गटांमध्ये फारसा फरक दिसला नाही. मात्र ज्यांच्या मनात माफी कमी होती त्यांच्यात आजार जास्त होता. माफीचा सल्ला देणारे एवढेच वाक्य उचलतात. आम्हाला वाटते, ते उलट बाजूनेही वाचावे. ज्याला रोज रात्री तेच स्वप्न पडते, दार वाजले की ज्याचे काळीज हलते, तो माफ करणार कसा? ताप आहे म्हणून अंग गरम लागते. अंग थंड पाण्याने पुसले म्हणजे आजार गेला असे कोणी म्हणत नाही.

याहून बोलका अभ्यास सिएरा लिओनचा. तिथले यादवी युद्ध २००२ मध्ये संपले. पुढे एका संस्थेने गावोगाव सलोख्याचे मेळावे घेतले. रात्री शेकोटी पेटवायची, पीडितांनी आपल्यावर काय झाले ते सांगायचे, गुन्हा करणाऱ्यांनी कबुली देऊन क्षमा मागायची. शिक्षा नाही, पैसेही नाहीत. संशोधकांनी २०० गावांतल्या दोन हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. यातली निम्मी गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून तिथे मेळावे झाले, उरलेल्यांत नाही. निष्कर्ष २०१६ मध्ये आला. मेळावा झालेल्या गावांत माफी वाढली, लोक एकमेकांच्या मदतीला जास्त जाऊ लागले, शाळा-दवाखान्यासाठी वर्गणीही वाढली. आणि त्याच गावांत नैराश्य, चिंता व आघातानंतरचा ताण-विकारही वाढला. अडीच वर्षांनंतरही तो उतरला नव्हता.

हे पुन्हा वाचा. गावाचे भले झाले आणि त्याची किंमत माणसांनी आपल्या झोपेतून दिली. जखम उघडली पण पुढे उपचार नव्हते. जिथे माफी मागणारे खरोखर समोर आले होते, तिथली ही गत.

आता आपल्याकडे. "पण धम्मात तर वैराने वैर शमत नाही असे आहे," असे आपलीच माणसे म्हणतात. आहेच. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. पण वैर न धरणे म्हणजे आपण त्यांचे घर जाळायला न जाणे. केस मागे घेणे, किंवा काही झालेच नाही असे म्हणणे, त्यात येत नाही. मैत्री भावनेचा क्रमही बघा. बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात सुरुवात स्वतःपासून आहे, मग प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, आणि वैरी शेवटी. सुरुवातच वैऱ्यापासून करू नये असे तिथे बजावले आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या या सूचनेत मनाची नस बरोबर ओळखलेली आहे. ज्याला स्वतःला अजून सुरक्षित वाटत नाही, त्याला मारेकऱ्याचे मंगल चिंतायला लावणे हा अघोरी उपचार झाला.

ज्यांना आपणहून माफ करावेसे वाटते त्यांनी जरूर करावे. तेही खरे असते, आणि त्यांना कोणी भित्रे म्हणू नये. पण ज्याने केले नाही तो आजारी, कडवट किंवा कमी धम्मवान असा शिक्का नको.

मग रात्रीच्या धडधडीचे काय करायचे? घटनेला महिना उलटून गेला तरी तीच स्वप्ने पडत असतील, आवाजाने दचकायला होत असेल, त्या रस्त्याने जाववत नसेल, तर ते दुबळेपण नाही, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारी टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६, फोन मोफत आणि मराठीतही बोलता येते. रक्तदाबाच्या गोळ्या 'आता बरं आहे' म्हणून मनाने बंद करू नका. आनापान करताना डोळे मिटले की तोच प्रसंग उभा राहत असेल तर डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा, थोडा वेळच बसा, किंवा त्या दिवशी चालायला जा. ज्या तारखेला घटना घडली त्या दिवसांत त्रास वाढतो, तेव्हा घरात एकटे राहू नका.

ज्यांची केस चालू आहे त्यांच्यासाठी आणखी एक. 'तडजोड करा, मनःशांती मिळेल' असे सांगायला बरेच जण येतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आहे. पीडित, त्यांचे आश्रित आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव, आमिष यांपासून संरक्षण देणे हे त्यानुसार सरकारचे कर्तव्य आहे. दबाव आला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तारखेच्या आदल्या रात्री झोप येत नाही ती बहुतेकांनाच येत नाही. कोर्टात सोबतीला कोणीतरी असले की त्रास निम्मा होतो, हे आम्ही अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

त्या मावशींना आम्ही नंतर भेटलो. गोळी रोज सकाळी सुरू आहे, मीठ-लोणचे कमी केले आहे, रक्तदाब १४० वर आला आहे. जळालेल्या घराची हकीकत त्यांची नात वहीत लिहून घेते आहे. चार पाने झाली आहेत. मावशी म्हणाल्या, ती लिहीत बसली की मध्येच आपल्याला डुलकी लागते.