नियम १७० गेला. दाव्याची जबाबदारी राहिली

आयुर्वेदीय औषधाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी शासनाने ती तपासावी काय, या एका प्रश्नाभोवती २०१८ ते २०२५ या काळात केंद्र शासन, राज्यांचे परवाना अधिकारी, औषधनिर्माते आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात पुष्कळ ऊहापोह झाला. नियम आला, त्याची अंमलबजावणी थांबविण्याची सूचना निघाली, नियम वगळला गेला, वगळण्यास स्थगिती मिळाली आणि अखेर ती स्थगितीही संपुष्टात आली. या घटनाक्रमाचा अर्थ ‘आता जाहिरातीवर बंधन उरले नाही’ असा कोणी लावू पाहील, तर तो अर्थ चुकीचा ठरेलच. शिवाय लहान फार्मसीधारकांना आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना तो अडचणीतही आणील. म्हणून नेमके काय गेले, काय कायम आहे आणि आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

केंद्राचा कायदा, राज्याचा परवाना

आपल्या संघराज्यात ‘औषधे व विषे’ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तर सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० हा केंद्राचा कायदा. १९६४ च्या दुरुस्तीने त्यात प्रकरण ४-अ समाविष्ट झाले आणि आयुर्वेदीय व युनानी औषधांची निर्मिती प्रथमच या कायद्याच्या कक्षेत आली. नियम केंद्र करते. परंतु निर्मितीचा परवाना देणे, कारखान्याची तपासणी करणे, नमुने घेणे आणि कारवाई करणे ही कामे राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे आहेत. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते.

ही विभागणी लक्षात न घेतल्यामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. काही वेष्टनांवर व पत्रकांवर ‘आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त’ असे शब्द छापलेले आढळतात. मंत्रालय कोणत्याही कंपनीला किंवा तिच्या औषधाला प्रमाणित वा मान्य करीत नाही, परवाना राज्याकडूनच मिळतो, असा खुलासा मंत्रालयानेच जाहीर सूचनेद्वारे केला आहे. अर्थात हे शब्द छापणे म्हणजे नसलेल्या मान्यतेचा दावा करणे होय.

नियम १७० कशासाठी आला?

२१ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने औषध नियमांत नियम १७० घालण्यात आला. एखाद्या रोगाचे निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध यांसाठी आयुर्वेदीय, सिद्ध वा युनानी औषधाची जाहिरात करावयाची असल्यास उत्पादकाने आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करून त्या जाहिरातीसाठी विशिष्ट ओळख क्रमांक मिळवावा, असे त्याचे स्वरूप होते. अर्जासोबत ग्रंथाधार, औषधाचे अधिकार, तसेच सुरक्षितता, परिणामकारकता व गुणवत्ता यांविषयीचा पुरावा जोडावयाचा होता. अश्लील मजकूर, कामशक्ती वा इंद्रियवृद्धीची आश्वासने, नामवंत व्यक्तींची वा शासकीय अधिकाऱ्यांची छायाचित्रे व प्रशस्तिपत्रे, शासकीय संस्थांचा उल्लेख आणि परिणामकारकतेचे अतिरंजित दावे असल्यास अर्ज नाकारण्याची तरतूद होती.

नियमाचा हेतू योग्य होता, याविषयी दुमत नसावे. मतभेद होता तो पद्धतीविषयी. प्रत्येक जाहिरातीसाठी स्वतंत्र अर्ज, राज्याराज्यांतील तपासणीच्या वेगवेगळ्या रीती आणि परवाना कार्यालयांतील अपुरे मनुष्यबळ या अडचणी उत्पादकांनी पुढे मांडल्या. काही उच्च न्यायालयांत नियमाला आव्हानही देण्यात आले. मोठ्या उत्पादकाकडे अशा अर्जांसाठी स्वतंत्र विभाग असतो; चार-पाच कामगारांच्या फार्मसीत मात्र काढ्याची भट्टी पाहणारी व्यक्तीच कागदपत्रेही पाहत असते. हा आक्षेप दुर्लक्षणीय नव्हता.

नियम कसा गेला?

मे २०२३ मध्ये केंद्राच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने नियम वगळण्याची शिफारस केली. तिच्या आधारे २९ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून नियम १७० खाली कारवाई करू नये असे कळविले. त्या वेळी भारतीय वैद्यक संघटनेने (ॲलोपॅथिक डॉक्टरांच्या संघटनेने) भ्रामक जाहिरातींविरुद्ध २०२२ साली दाखल केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे प्रलंबित होती. अस्तित्वात असलेला नियम केवळ पत्राने निष्प्रभ कसा करता येईल, हा प्रश्न तेथे उपस्थित झाला. १ जुलै २०२४ रोजी केंद्राने अधिसूचना काढून नियम वगळला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली. त्यामुळे नियम पुन्हा लागू झाला.

२६ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निर्देश दिला. आक्षेपार्ह जाहिरातींविषयी सामान्य नागरिकास तक्रार करता यावी यासाठी प्रत्येक राज्याने दोन महिन्यांत तक्रार निवारण यंत्रणा उभारावी, असा तो निर्देश होता. पुढे ११ ऑगस्ट २०२५ रोजी याचिका निकाली निघाली आणि स्थगिती संपली. नियम वगळण्यास ज्यांचा विरोध असेल त्यांना उच्च न्यायालयात दाद मागण्याची मुभा राहिली. जाहिरातीपूर्वी क्रमांक घेण्याचे बंधन अशा रीतीने दूर झाले.

या घटनेला एक पूर्वपीठिका आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने परवाना पद्धतीत बदल केले. अर्ज ऑनलाइन झाला, परवाना देण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आली आणि वारंवार नूतनीकरणाऐवजी परवाना कायमस्वरूपी होऊन उत्तम निर्मिती पद्धती पाळल्याचे दरवर्षीचे स्वयंघोषणापत्र आले. दोन्ही बदलांची दिशा एकच आहे. आधी तपासून मग मुभा देण्याऐवजी शासन आधी विश्वास ठेवते आणि चूक आढळल्यास जाब विचारते. सवलत म्हणून हे स्वागतार्ह आहे; पण पूर्वी चुकीचा मजकूर अर्जाच्या टप्प्यावर परत येत असे, तो आता तक्रारीच्या रूपाने परत येईल, हे विसरून चालणार नाही.

जे कायम आहे

औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियम, १९५४ जसाच्या तसा उभा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, रक्तदाब, पक्षाघात, अपस्मार, अश्मरी, स्थौल्य, श्वित्र, संधिवात, क्षय, स्त्रियांचे वंध्यत्व, इतकेच नव्हे तर सर्वसाधारण ज्वरही तिच्यात आहे. या रोगांवर अमुक औषध उपयोगी आहे अशी जाहिरात करण्यास कलम ३ मनाई करते. कलम ४ औषधाविषयीच्या कोणत्याही खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस मनाई करते. तेथे रोग अनुसूचीत असण्याचीही गरज नाही.

येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, हा कायदा या रोगांच्या चिकित्सेस मनाई करीत नाही. प्रमेहाची चिकित्सा करण्याचा वैद्याचा अधिकार अबाधित आहे. मनाई जाहिरातीस आहे. दुसरी, ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, कोणताही अन्य दस्तऐवज, एवढेच काय पण तोंडी घोषणा आणि प्रकाश वा ध्वनीने केलेली घोषणाही तिच्यात येते. वृत्तपत्रात छापले नाही म्हणजे जाहिरात झाली नाही, ही समजूत घातक आहे. बाटलीच्या खोक्यावरील ओळ, दुकानातील फलक आणि गावोगाव फिरणाऱ्या गाडीवरील ध्वनिक्षेपक यांना तोच कायदा लागू आहे. व्हॉट्सॲपवर पाठविलेले पत्रकही याच दृष्टीने तपासून पाहावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हे दुसरे बंधन. या कायद्याखालील केंद्रीय प्राधिकरणास भ्रामक जाहिरातीबद्दल उत्पादकावर तसेच तिची शिफारस करणाऱ्या व्यक्तीवर १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड आकारता येतो. एखाद्या उत्पादनाच्या चित्रफितीत आपले नाव व पदवी देणाऱ्या वैद्याने हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट २०२५ साली आली. ३० मे २०२५ रोजी ‘आयुष सुरक्षा’ हे संकेतस्थळ सुरू झाले. भ्रामक जाहिराती आणि औषधांचे अनिष्ट परिणाम यांची नोंद तेथे नागरिकांना थेट करता येते आणि तिचा पाठपुरावा राज्यांचे परवाना अधिकारी व औषधदक्षता केंद्रे यांच्यापर्यंत पोहोचतो. तक्रारदारास कार्यालयाची पायरी चढण्याची गरज उरलेली नाही.

वैद्यांनी काय पाहावे?

१९५४ च्या कायद्यातील कलम १४ वैद्यांना उपयुक्त सवलती देते. नोंदणीकृत चिकित्सकाने आपल्या जागेवर, येथे अमुक रोगाची चिकित्सा केली जाते, असा फलक लावण्यास हरकत नाही. शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेला ग्रंथही या कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे ‘येथे आमवाताची चिकित्सा केली जाते’ हा दवाखान्यावरील फलक चालेल. ‘आमवात २१ दिवसांत समूळ नष्ट’ हे पत्रक चालणार नाही.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास १९४० च्या कायद्याच्या कलम ३३ ईईसी मध्ये सूट आहे. परंतु ती सूट ‘स्वतःच्या रुग्णांसाठी’ या शब्दांनी बांधलेली आहे. तेच चूर्ण नाव व किंमत छापून शेजारच्या दुकानात ठेवले, कुरियरने अपरिचितास पाठविले, की ती विक्रीसाठी निर्मिती ठरते आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. रुग्णाच्या नोंदवहीत औषध, मात्रा, अनुपान व दिनांक लिहिण्याची शिस्त हाच या सवलतीचा खरा आधार आहे.

फार्मसीधारकांनी काय पाहावे?

आमची सूचना अशी की, प्रत्येक उत्पादनासाठी एक स्वतंत्र नस्ती ठेवावी आणि तीत पुढील कागद असावेत: परवान्याची व मान्य पाठाची प्रत, शास्त्रोक्त औषध असल्यास कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथाचा अध्याय व पाठ, प्रोप्रायटरी औषध असल्यास २०१० च्या नियम १५८-बी प्रमाणे सादर केलेला पुरावा, लेबल, वेष्टन व पत्रक यांचा प्रत्येक छपाईचा नमुना, आणि आलेल्या तक्रारी व त्यांची उत्तरे. ज्या दाव्यासमोर आधाराचा कागद ठेवता येत नाही, तो दावा छापू नये. नियम १७० ने जो पुरावा मागितला होता तोच आपण स्वतःसाठी गोळा करावा, एवढाच याचा अर्थ.

लेबल तपासताना नियम १६१ चाही विचार व्हावा. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदीत असणे आवश्यक आहे. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांच्या कल्पांवर एकीकडे हा इशारा आणि दुसरीकडे पत्रकात ‘पूर्णतः निर्धोक’ असा शब्दप्रयोग, ही विसंगती कोणाही तपासनीसाच्या नजरेतून सुटणार नाही.

विक्रेत्यांनी आणखी एक भेद जपावा. मे २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे ‘आयुर्वेद आहार’ विनियम आले. त्यांखालील पदार्थ अन्न म्हणून विकले जातात. ते रोग बरा करतात असे सांगता येत नाही. एकाच फळीवर औषध व आहार शेजारी मांडले तरी ग्राहकास त्यांतील फरक सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

आमची भूमिका

१९५४ ची अनुसूची आजच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगी आहे, असे आमचे मत आहे. ज्वर आणि संधिवात यांवर ज्या शास्त्रात सविस्तर अध्याय आहेत, त्या शास्त्राच्या औषधाने त्या रोगाचे नावही जाहिरातीत घेऊ नये, हे अनेक वैद्यबंधूंना जाचक वाटते. ही मागणी योग्य व्यासपीठावर जरूर मांडावी. पण ती मांडण्याचा नैतिक अधिकार आपल्या आजच्या वर्तनातून मिळणार आहे. बेफाम दाव्याचे एक पत्रक प्रामाणिक निर्मात्यांच्या शंभर अर्जांचे वजन कमी करते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. औषधांची भांडी, पोथ्या आणि वेष यांच्या प्रदर्शनावर वैद्य म्हणवून घेणारा छद्मचर. दुसऱ्यांच्या कीर्तीचा आधार घेऊन मिरविणारा सिद्धसाधित. आणि ज्ञान, प्रयोग व सिद्धी यांनी युक्त असा जीविताभिसर. छायाचित्रे, उसनी प्रशस्तिपत्रे आणि नसलेली मान्यता यांवर उभी असलेली जाहिरात यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पूर्वपरवानगीचा टप्पा शासनाने मागे घेतला आहे. ती जागा आपण स्वतःच्या तपासणीने भरून काढली, तर मिळालेली मोकळीक टिकेल. अन्यथा नियम १७० पेक्षा कठोर नियम मागविण्याचे श्रेय आपल्याकडेच येईल. पुढील छपाईसाठी मजकूर पाठविण्यापूर्वी प्रत्येक फार्मसीधारकाने आणि प्रत्येक वैद्याने आपले लेबल, फलक व पत्रक एकदा या दृष्टीने वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.