आधीं बारसें, मग जन्म

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं पाळणा बांधतात, आत्याबाई त्याच्या कानांत नांव सांगतात, आणि मग घुगऱ्या वाटल्या जातात. मुलाचें नांव सम अक्षरांचें असावें, मुलीचें विषम अक्षरांचें, इतका बारीक विचार गृह्यसूत्रकारांनीं करून ठेवला आहे. परंतु शेजारच्या घरीं त्याच नांवाचें मूल आहे कीं काय, याची चौकशी त्यांनीं सांगितलेली नाहीं. एका आळींत चार माधव सुखानें नांदतात. कंपनीचें तसें नाहीं. तिचें आधीं बारसें होतें व मग जन्म. आणि बारशाच्या वेळीं सबंध भारतांत त्या नांवाचें दुसरें अपत्य नाहीं ना, हें पाहावें लागतें. हा अनुभव गेल्या वर्षीं आमच्या घरानें घेतला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी ना कोणी उद्योग काढण्याच्या विचारांत असेल, म्हणून तो येथें सांगतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरल्या बंधूंचा मुलगा व माझी धाकटी सून या दोघांनीं मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला करून विकण्याचें ठरविलें. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत एक लहानसा गाळा भाड्यानें मिळाला. दळणाचें यंत्र आलें, धने-मिरच्या आल्या, आणि उत्साहाच्या भरांत ‘अन्नपूर्णा’ या नांवाचीं पांच हजार लेबलेंहि छापून आलीं. मग सनदी लेखापाल घरीं आले व त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “नांव मोकळें आहे का, तें पाहिलें?” कोणींच पाहिलें नव्हतें. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ही यादी कोणासहि फुकट पाहतां येते. सूनबाईंनीं ‘अन्नपूर्णा’ हा शब्द घातला आणि नांवांची जी रांग लागली ती पाहून लेबलांचा गठ्ठा मुकाट्यानें माळ्यावर गेला. आजहि आमच्या वाणसामानाच्या याद्या त्या लेबलांच्या पाठीवर लिहिल्या जातात.

तरुण मंडळी इतक्या लौकर हार कशी मानणार? ‘दि अन्नपूर्णा’ करूं, ‘अन्नपूर्णाज’ करूं, ‘अन्नपूर्णा १०८’ करूं, निदान ‘अन्नपूर्णा चिकलठाणा’ तरी करूं, अशा सूचना निघाल्या. लेखापाल प्रत्येक वेळीं मान हलवीत. शेवटीं मीं स्वतः नियम वाचावयास घेतले. २०१३ सालच्या कंपनी कायद्याचें चौथें कलम म्हणतें कीं, नोंदलेल्या कंपनीच्या नांवाशीं एकरूप किंवा फार जवळचें नांव दुसरीस मिळणार नाहीं. ‘फार जवळचें’ म्हणजे काय, हें नियमांत उलगडून सांगितलें आहे. ते नियम २०१९ सालीं सुधारले गेले. ते वाचतांना मी पुन्हां वर्गांत उभा आहें असें मला वाटलें. एकवचनाचें अनेकवचन केलें तरी नांव निराळें होत नाहीं. क्रियापदाचा काळ बदलला, शब्दांचा क्रम उलटला, दोन शब्द जोडून लिहिले, मध्यें टिंब दिलें, मुद्दाम चुकीचें स्पेलिंग केलें, मागें आंकडा चिकटविला, पुढें ‘दि’ लावला, शेवटीं ‘डॉट कॉम’ जोडलें, गांवाचें नांव घातलें, किंवा सबंध नांवाचें हिंदी वा इंग्रजी भाषांतर केलें, तरी नांव तेंच समजतात. वचन, काळ, अन्वय, शुद्धलेखन आणि भाषांतर, असा शाळेंतला सारा अभ्यासक्रम येथें आला आहे! द्विवचन तेवढें सरकारास ठाऊक नाहीं. आधींच्या कंपनीच्या संचालक मंडळानें ठराव करून संमति दिली, तर मात्र वाट मोकळी होते. ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’, ‘कमिशन’, ‘ऑथॉरिटी’ असले राजवस्त्र ल्यालेले शब्द केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरतां येत नाहींत.

कंपन्यांच्या यादींत नांव मोकळें दिसलें म्हणजे काम झालें, असेंहि नव्हे. मालाच्या चिन्हांची वही निराळी आहे. ती १९९९ सालच्या ट्रेडमार्क कायद्यानें चालते. ती कचेरी १९४० सालीं स्थापन झाली असून तिचें मुख्य ठाणें मुंबईस आहे. तेथें माल व सेवा मिळून ४५ वर्ग पाडले आहेत. मसाले तिसाव्या वर्गांत येतात. कंपनीचें नांव एकदां मंजूर झालें, तरी तशाच नोंदलेल्या चिन्हाचा मालक तीन वर्षांच्या आंत तक्रार करूं शकतो, आणि सरकारची आज्ञा झाली म्हणजे तीन महिन्यांत नांव बदलावें लागतें. न बदलल्यास १ सप्टेंबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणें कंपनीस नवेंच नांव चिकटतें: आज्ञाभंग दाखविणारीं कांहीं इंग्रजी अक्षरें, मग साल, मग अनुक्रमांक. कैद्याच्या बिल्ल्यासारखें तें नांव कोणत्या गृहिणीच्या मसाल्याच्या डब्यावर शोभेल?

येथपर्यंतचा त्रास कायद्याचा होता. खरा त्रास पुढें घरांतच निघाला. थोरले बंधु म्हणाले, “इतकी यातायात कशाला? आपलें आडनांव घाला. तें तर आपलेंच आहे.” सूनबाई हळूच म्हणाली कीं, त्या आडनांवाची मसाल्याची एक कंपनी यादींत आहे. बंधूंस तें लागलें. “घराचें नांव नको, तर या धंद्याशीं घराचा संबंध तरी काय?” एवढें बोलून ते उठले. दोन दिवस पंगतीस कोणी कोणाशीं बोललें नाहीं, आणि वहिनींस पानें दोनदां मांडावीं लागलीं. चुली वेगळ्या होण्याचा आरंभ अशाच शब्दांतून होतो, हें आम्हां वडीलधाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें.

आडनांव आपलें खरें. पण कंपनीपुरतें तें आपलें असतेंच असें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि तें आडनांव यंत्रांवर घरोघर पोंचलें. पुढें त्या नांवाच्या वापराचा एक तंटा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निवाडा १९९६ सालच्या निवाडासंग्रहांत आहे. मनुष्यास स्वतःच्या नांवानें प्रामाणिकपणें धंदा करण्याची जी मोकळीक असते, ती कंपनीस तशीच लागू होत नाहीं, असा त्याचा आशय. आणि तें सयुक्तिकहि आहे. कारण मनुष्यास नांव जन्मानें मिळतें, कंपनी तें निवडून घेते. हा निवाडा मीं बंधूंस वाचून दाखविला. त्यांनीं ऐकला, पण चेहरा सैल झाला नाहीं.

तोड निघाली ती मातोश्रींकडून. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. त्या म्हणाल्या, “अरे, आपल्या शेताचें नांव ठेवा कीं!” गांवाकडे प्रत्येक शेतास नांव असतें, हें वाचक जाणतातच. आमचेंहि एक होतें. आम्हां दोघां भावांचें बालपण त्याच्या बांधावर गेलें. थोरल्या ताईच्या लग्नाच्या वेळीं तें विकावें लागलें, आणि त्यानंतर तें नांव घरांत कोणी घेतलें नव्हतें. बंधु बराच वेळ खालीं पाहत बसले. मग म्हणाले, “हें चालेल.” दोन्ही वह्या पाहिल्या, दोन्हींत तें नांव मोकळें होतें.

पुढचा भाग सोपा. नांवासाठींचा अर्ज संकेतस्थळावरच भरतात. एका अर्जांत दोन नांवें सुचवितां येतात आणि शुल्क १००० रुपये. २०१६ सालापासून हें काम हरियाणांतील मानेसर येथील मध्यवर्ती कचेरींत चालतें. आमचें पहिलें नांव मंजूर झालें. परंतु राखलेलें नांव नव्या कंपनीस २० दिवसच मिळतें. तेवढ्यांत बाकीचे कागद पुरे करावे लागतात. आमच्या गाळ्याचे मालक नेमके काशीयात्रेस गेलेले, आणि त्यांचें संमतिपत्र हवें होतें! सुदैवानें २०२० च्या डिसेंबरांत नियम झाला आहे कीं, मुदत संपण्यापूर्वीं आणखी १००० रुपये भरले म्हणजे ती ४० दिवसांपर्यंत वाढते. ते हजार रुपये बंधूंनीं न सांगतां दिले.

ज्यांस कंपनी नको, भागीदारीच पुरे, त्यांनीं १९३२ च्या भागीदारी कायद्याखालीं राज्याच्या भागीदारी-संस्थांच्या निबंधकाकडे नोंद करावी. ती सक्तीची नाहीं. पण नोंद नसलेल्या पेढीस करारावरून दुसऱ्यावर दावा लावतां येत नाहीं. वाट कोणतीहि असो, शेत घेतांना आपण आधीं सातबारा पाहतों, तसा नांवाचाहि पाहावा. आणि जीव जडण्यापूर्वीं पाहावा. लेबलें त्यानंतर छापावींत.

आमच्या शेताचें नांव मात्र येथें देत नाहीं. ट्रेडमार्कचा अर्ज अजून निकालास लागावयाचा आहे. आत्याबाई नांव आधीं कानांत सांगतात, तें उगाच नव्हे.

नोंदणीचा दाखला आला त्या दिवशीं सारें घर चिकलठाण्याच्या गाळ्यांत जमलें. घुगऱ्यांच्या जागीं मेतकूट-भात होता. थोरल्या ताईस मुद्दाम आणविलें होतें; पुतण्याची ती आत्याच. आपल्या लग्नापायीं शेत गेलें हें ओझें तिनें इतकीं वर्षें मनांत वागविलें होतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. ती दळणयंत्रापाशीं वांकली, पदर सांवरला आणि यंत्राच्या कानांत तें नांव तिनें तीनदां सांगितलें. चौथ्यांदां तिला बोलवेना. तेव्हां बंधूंनीं पुढें होऊन यंत्राची कळ दाबली.