दोन दुकाने एक होतात तेव्हा

रायपूरच्या गोलबाजारात दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. एका दुकानात तूरडाळ महाग वाटली, तर ग्राहक शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर आखणी करून वसवलेल्या नवा रायपूर या राजधानीच्या शहरात रस्ते रुंद आहेत आणि वस्ती विरळ. तेथील एखाद्या सेक्टरात दोनच सुपरमार्केटे आहेत आणि एकाच्या मालकाने दुसरे विकत घेतले, अशी कल्पना करू या. उद्या डाळ किलोमागे पाच रुपयांनी वाढली, तर ग्राहकाने जावे कोठे? गोलबाजार गाठायचा, तर वाचलेल्या पैशांहून जाण्यायेण्याचा खर्चच अधिक.

मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणावर शासन लक्ष ठेवते, ते याच अडचणीमुळे. भारतात मक्तेदारीविरुद्धचा पहिला अधिनियम १९६९ साली झाला. त्याची जागा पुढे स्पर्धा अधिनियम, २००२ ने घेतली. विलीनीकरणासंबंधीची त्यातील कलमे १ जून २०११ पासून अमलात आली. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या व्यवहाराची सूचना भारतीय स्पर्धा आयोगाला आधी द्यावी लागते. संमती मिळेपर्यंत किंवा कायद्यातील मुदत संपेपर्यंत तो व्यवहार पुरा करता येत नाही. गल्लीतील दोन वाण्यांनी दुकाने एकत्र केली, तर आयोग त्यांच्या वाटेला जात नाही. मोठे असणे हाही गुन्हा नव्हे. स्पर्धेला लक्षणीय बाधा पोहोचते काय, एवढेच पाहायचे असते.

मात्र ही बाधा मोजायची कोणत्या बाजारात, हा खरा कळीचा प्रश्न आहे. सारा देश हा एकच बाजार मानला, तर लाखो किराणा दुकानांपुढे मोठ्यात मोठी साखळीही लहान दिसते. सेक्टर हाच बाजार मानला, तर तीच साखळी एकटी उरते. म्हणून कायद्याने वस्तू आणि भूप्रदेश या दोन्ही अंगांनी बाजार ठरवण्यास सांगितले आहे. वाहतुकीचा खर्च आणि ग्राहकांची आवड यांचाही त्यात विचार होतो. ब्रिटनमध्ये सेन्सबरीज आणि अॅस्डा या बड्या साखळ्यांना एक व्हायचे होते. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने देशभराबरोबरच गावोगावच्या, वस्तीवस्तीतल्या दुकानांचाही हिशेब मांडला आणि भाव वाढतील व निवड घटेल, या कारणास्तव एप्रिल २०१९ मध्ये नकार दिला.

भारतातील गाजलेले प्रकरण मुंबईच्या फ्यूचर समूहाचे. ‘बिग बझार’ ही दुकाने त्याचीच. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्स रिटेलने या समूहाचा किरकोळ व घाऊक विक्री, वाहतूक आणि गोदामे यांचा व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पर्धा आयोगाने संमती दिली. समूहातील एका कंपनीत २०१९ साली पैसे गुंतवलेल्या अॅमेझॉनने मात्र आपल्या कराराचा भंग होतो, असे सांगून व्यवहाराला आव्हान दिले. हा वाद उलट अॅमेझॉनवरही आला. गुंतवणुकीस संमती घेताना तिचा खरा हेतू व आवाका लपवला, असा ठपका ठेवून आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये ती संमती स्थगित केली आणि २०० कोटींहून अधिक दंड केला. जून २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा निर्णय कायम ठेवला. खोट्या मापाने तोललेला माल जसा परत घ्यावा लागतो, तशीच अपुऱ्या माहितीवर मिळालेली संमतीही टिकत नाही.

एवढ्यात काळ कोणासाठी थांबला नव्हता. फ्यूचरच्या अनेक दुकानांचे भाडे थकले होते आणि त्या जागांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने त्या ताब्यात घेण्यास सुरुवात केली. एप्रिलमध्ये तारण ठेवून कर्ज देणाऱ्या धनकोंनी विक्रीची योजना फेटाळली आणि व्यवहार बारगळला. जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेलविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. आयोगाने ज्या विलीनीकरणाला संमती दिली होती, ते झालेच नाही. तरीही ‘बिग बझार’च्या पाट्या उतरल्या.