होस्टेलच्या डब्यात काय हवं?
पक्कड, चपट्या आणि फुलीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, छोटा अ‍ॅडजस्टेबल पाना, काळी इन्सुलेशन टेप, टेफ्लॉन टेप. एवढं बिस्किटांच्या जुन्या डब्यात मावतं. हातोडी घरीच राहू द्या. भिंतीत खिळा दिसला की अनामत रकमेला कात्री लागते.

टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासावा. आतला निऑन दिवा गेला असेल, तर वीज असूनही तो पेटत नाही. नळ जोडावर गळत असेल तर टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर नळ बसवताना ती सुटून येते.

एक्स्टेन्शन बोर्ड घेताना रंग नव्हे, आकडा बघा: २३० व्होल्टला ६ अँपिअरचा बोर्ड जेमतेम १,३८० वॉट पेलतो. पाणी तापवायचा १,५०० वॉटचा रॉड त्याला लावू नये.